चुड्याला जायची खुर्ची

कवठे महांकाळच्या पेठेत मणेरीण म्हटलं की पुढं नाव विचारायची गरज पडत नाही. एकच मणेरीण, महेजबीन. साठीला आलेली, अंगानं सुटलेली, तोंडानं फटकळ. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढायच्या आधीच ही मनगट बघून माप सांगणार. "दोन-सहा. अन् उजवा हात डाव्यापरीस जाड झालाय गं तुजा. सगळी कामं त्येच हाताला लावतीस व्हय?" अशी बोलायची आणि बोलता बोलता डझनभर काचेच्या बांगड्या हातात चढवून मोकळी व्हायची. बाईला कळायचंसुद्धा नाही.

पण दुकान हा तिचा निम्माच धंदा. खरा मान दारोदारचा. लग्नाचा चुडा, डोहाळजेवण, बारसं, असं काही निघालं की बांगड्यांची पेटी घेऊन मणेरणीनं त्या घरी जायचं. नवरीला पाटावर बसवायचं, आपण तिच्यापुढं जमिनीवर मांडी घालायची, तिचा हात आपल्या मांडीत घ्यायचा आणि हिरवा चुडा भरायचा. मग नवरी वाकून मणेरणीच्या पाया पडते. महेजबीनची सासू हे काम करत होती, सासूची सासू करत होती. नवरीपेक्षा उंच बसून चुडा भरायचा नाही, ही सासूची ताकीद. महेजबीननं ती कधी मोडली नव्हती.

तीन वर्षांपूर्वी तिच्या मणक्यात गाठ निघाली. मिरजेला ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण कमरेखालचं सगळं गेलं. हात तेवढे पहिल्यासारखे राहिले, आणि तोंड. नवरा याकूबभाई दुकान सांभाळू लागला, मुलगा तौसीफ टेम्पो चालवायचा, आणि महेजबीन दुकानात गादीवर बसून बांगड्या भरायची. धंदा काही बुडाला नाही. गावातल्या बाया मायेच्या. "भाभी, तुमी येऊ नका, आमी न्यायला येतो," म्हणायच्या.

आणि खरंच न्यायच्या. इथंच सगळं बिघडलं. एका बारशाला तिला गाडीत घालून नेलं, आणि दारात चार तरण्या पोरांनी "हां, हळू, हळू, पाय धर, पाय" करत उचललं. पदर एकीकडं, पाय एकीकडं. पडवीत पंगत बसली होती. पन्नास माणसं हातातला घास हातात धरून बघत राहिली. आता ती पोरं प्रेमानंच उचलत होती, कबूल. पण प्रेमानं उचललं म्हणून ज्याला उचलतात त्याची लाज कमी होते, असं कुणी सांगितलं? महेजबीननं त्या दिवशी बांगड्या भरल्या, बाळंतिणीची चेष्टा केली, ओटीचा नारळ घेतला, आणि घरी आल्यावर तौसीफला म्हणाली, "चौघांनी उचलायची येळ मानसाला एकदाच येती रं. मला रोज कशाला उचलतासा?"

त्यानंतर ती कुणाच्या दारात गेली नाही.

यंदा माघात विजयमाला आक्का दुकानात आल्या. द्राक्षबागेचं मोठं खटलं, मळ्यातली वस्ती. आक्कांचा स्वतःचा चुडा महेजबीनच्या सासूनं भरलेला. आक्कांच्या लेकी-सुनांचे महेजबीननं. आता नात राजनंदिनीचं लग्न ठरलं होतं.

"भाभी, चैतात लगीन हाय. चुड्याला तुमीच."

"पोरीला हिकडं घेऊन या आक्का. हितंच भरते."

"न्हाई. नवरी चुड्याला घराभाईर काढत न्हाईत, तुमाला म्या सांगावं काय? गाडी लावते. आमची पोरं उचलून..."

"उचलून न्हाई," महेजबीन म्हणाली. तिचा आवाज इतका कोरडा झाला की याकूबभाईनं कानातलं यंत्र चाचपून बघितलं.

आक्का सरळच बोलल्या. "मग मिरजेची ब्यूटी पार्लरवाली तयार चुडा घेऊन यायला बघतीया. पोरींनी नंबरबी काढलाय. मी म्हटलं, आदी भाभीला इचारते."

आक्का गेल्यावर महेजबीननं तौसीफला बोलावलं. त्यांच्या घरात आपसात वेगळी बोली चालते, दखनी, पण चिडली की ती मराठीवर यायची. "ती बॅटरीवर चालणारी खुर्ची असती ना? ती बघायची. मी माज्या पायानं... म्हंजे माजी मी आक्काच्या दारात जाणार. कुणाचा हात लागू न देता."

तौसीफ वाईट मुलगा नव्हे. पण त्याला भीती होती. पेठेतून मळ्याकडं जायचं तर मोठा रस्ता ओलांडावा लागतो. उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत जातात, त्यांना खुर्चीतली बाई कुठली दिसायला? "अम्मी, मी हाय की ढकलायला," तो म्हणाला. ढकलायची खुर्ची घरात होतीच. महेजबीन म्हणाली, "तू टेम्पोवर असतोस तवा मी काय करू? दाराला कडी लावून बसू?" पुढच्या रविवारी त्यानं तिला टेम्पोच्या पुढच्या सीटवर बसवलं आणि दोघं मिरजेला निघाली. मांडीवर तिनं बांगड्यांची पेटी घेतली होती. कशाला, ते तौसीफनं विचारलं नाही.

मिरजेत दवाखान्यांच्या गल्लीत अशा खुर्च्यांचं एक मोठं दुकान होतं. दुकानदार गोड बोलणारा. त्यानं एकेक खुर्ची पुढं आणली. ही एका चार्जिंगला किती लांब जाते, हिची मोटर किती ताकदीची, हिचा मागं पडू न देणारा आधार कसा, सगळं नीट समजावलं. माणूस आपल्या मालाचं जाणत होता. महेजबीननं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "याहून खालची न्हाई काय?"

त्याला वाटलं, बाईला पडायची भीती आहे. त्यानं पट्टा दाखवला. "पट्टा नको. बैठक खाली पायजे." मग त्याला वाटलं, लहान मुलासाठी पाहिजे. आतून त्यानं निळ्या रंगाची, चाकांवर फुलपाखरं काढलेली इवलीशी खुर्ची आणली. महेजबीननं ती बघितली, मग स्वतःच्या अंगाकडं बघितलं, आणि दुकानातली सगळी हसली. तीही हसली. रागावावं असं त्यात काही नव्हतं.

शेवटी तिनं पेटी उघडली. दुकानात कामाला असलेल्या पोरीला म्हणाली, "ये गं, बस हितं." पोरीला एका बुटक्या स्टुलावर बसवलं आणि आपण एकेका खुर्चीत बसून तिच्या हातात बांगडी चढवायला लागली. दुकानदार बघत राहिला. असं गिऱ्हाईक त्याच्या दुकानात पहिलंच. उंच खुर्चीत बसलं की वाकावं लागे आणि पुढं घसरायला होई. काहींचा दांडा, ज्यानं खुर्ची चालते तो, नेमका पोरीच्या हाताच्या आड येई. एकदा वाकताना महेजबीनचंच कोपर दांड्याला लागलं आणि खुर्चीनं तिला थेट कुबड्यांच्या मांडणीत नेऊन घातलं. दोन कुबड्या पडल्या. "घोडं लय अवखळ हाय तुमचं," ती म्हणाली आणि पुन्हा बांगडी हातात घेतली.

एक खुर्ची मात्र जमली. घडी होणारी, त्यातल्या त्यात बुटकी, हलकी. हाताचा टेकू वर उचलता येई, दांडा डाव्या बाजूला लावून मिळत होता, किंमतही आवाक्यातली. चौरंगावर बसवलेली नवरी आणि ही यांची पातळी जवळजवळ एक झाली असती. महेजबीननं पोरीच्या दोन्ही हातात हिरव्या बांगड्या भरल्या आणि पैसे घेतले नाहीत. "ही घ्यायची," ती तौसीफला म्हणाली.

तौसीफ खाली बसून चाकं बघत होता. टेम्पोवाल्याची नजर आधी चाकाकडंच जाणार. "अम्मी, पुढची चाकं बघ की. माजा तळहात त्यापरीस मोठा हाय. फरशीवर पळंल ही. आक्काच्या मळ्याची वाट मातीची हाय."

"तुला ती मोठ्या चाकाची उंचावरली पायजे. तिच्यात बसून मी काय नवरीच्या डोस्क्यावर बांगड्या ठिवू?"

मायलेकरांचं चांगलंच जुंपलं. दुकानदार शहाणा, तो म्हणाला, "भांडता कशाला? बाहेर चालवून बघा."

महेजबीननं ती बुटकी खुर्ची चालवत रस्त्यावर काढली. तीन वर्षांत पहिल्यांदा ती कुणी न ढकलता रस्त्यावर आली होती. उन्हात आल्याआल्या तिच्या तोंडावर असं काही आलं की तौसीफनं भांडण सोडून दिलं. तो मागं राहिला, मुद्दाम. ती फळवाल्याच्या गाड्यापाशी गेली, संत्र्यांचा भाव विचारला, महाग आहेत म्हणून सांगितलं, वळली. आणि वळताना पुढचं बारकं चाक गटारावरच्या जाळीच्या फटीत गेलं.

खुर्ची कलली. पडली नाही, पण महेजबीन एका बाजूला झुकून लोंबकळत राहिली. तौसीफ धावेपर्यंत फळवाला, एक रिक्षावाला आणि औषधं घ्यायला आलेले दोघं असे चौघं पोचले. "धरा, धरा! उचला मावशीला!" आणि त्यांनी तिला खुर्चीसकट उचललं. भर रस्त्यात. मांडीवरच्या पेटीतल्या बांगड्या खणखणल्या. चौघांनी तिला अलगद फुटपाथवर ठेवलं आणि फळवाल्यानं तर एक संत्रंही हातात दिलं.

महेजबीननं सगळ्यांना दुवा दिली. मग दुकानात आली आणि खुर्ची परत केली. "नगं ही," एवढंच म्हणाली. मोठ्या चाकांची नवी खुर्ची घ्यायची तर त्या किमतीत तौसीफच्या टेम्पोचं इंजिन आलं असतं. तिनं ते विचारलंसुद्धा नाही. टेम्पोत तिनं फळवाल्याचं संत्रं सोललं, पण खाल्लं नाही. घरी येईपर्यंत ते तसंच तिच्या मांडीवर सुकत होतं.

यानंतरचे काही दिवस महेजबीनचे लय वाईट गेले. गिऱ्हाइकांची चेष्टा बंद झाली. याकूबभाईला कमी ऐकू यायचं, पण दुकान गप्प झालंय हे त्यालाही ऐकू आलं. तिचा पेच साधाच होता. बुटकी खुर्ची कामाला चांगली, पण दारापर्यंत पोचवणार नाही. उंच खुर्ची दारापर्यंत पोचवेल, पण तिच्यात बसून चुडा भरता यायचा नाही. आणि दोन्हीतलं एक सोडायचं म्हटलं तर कुठलं?

शेवटी तौसीफनंच तोंड उघडलं. त्याच्या टेम्पोवाल्या दोस्तानं शिराळ्याला एक वापरलेली खुर्ची सांगितली होती. आकाराम सुभेदार म्हणून लष्करातून आलेला माणूस, दोन वर्षं तिच्यात फिरला आणि वारला. मोठी चाकं, दणकट मोटर. "उंच हाय," तौसीफ म्हणाला आणि आईकडं न बघता पुढं बोलला, "पर बघून यायला काय हरकत हाय?"

शिराळ्याला सुभेदाराची बायको दगडाबाई हिनं ती खुर्ची पडवीत चादर पांघरून ठेवली होती. टायरला माती नाही, लोखंडाला गंज नाही. "दर सोमवारी चार्ज करते," ती म्हणाली. "न्हाई केलं तर बॅटरी मरती, म्हणायचं त्ये." खुर्ची विकायला काढलेली होती, पण बाई गिऱ्हाइकाकडं असं बघत होती की जणू मुलगी द्यायची आहे. तौसीफला नंतर कळलं की तिनं आधीची तीन गिऱ्हाइकं परतवून लावली होती.

"कुठं कुठं जाणार हाईसा हिच्यातनं?" दगडाबाईनं विचारलं.

महेजबीन टेम्पोच्या सीटवरच होती. दार उघडं. "का? कुठं जायला पायजे?"

"त्ये शेताला जायचं, पारावर जायचं, बांधावरनं भांडाय जायचं. एक दीस घरात बसलं न्हाईत. आदी एक जण आला, म्हणतुया आजीला अंगणात बसवाय पायजे. अंगणात बसवाय घरातली खुर्ची काय वाईट हाय? त्याला न्हाई दिली म्या."

"मी मणेरीण हाय," महेजबीन म्हणाली. "मला नवरीच्या दारात जायचं हाय. चुडा भराय."

दगडाबाईनं तिच्याकडं नीट बघितलं. मग उठून खुर्चीवरची चादर काढली, घडी केली आणि काखेत मारली. तिनं किंमत सांगितली तेव्हा तौसीफनं घासाघीस करायला उघडलेलं तोंड तसंच मिटलं. एवढ्या पैशात कुणी जुनी सायकलही देत नाही.

खुर्ची उंच होती. हाताचा टेकू पक्का जोडलेला, वर होत नव्हता. दांडा उजव्या हाताशी. महेजबीनला सगळं दिसत होतं. तौसीफनं तिला खुर्चीत बसवलं; तिनं वाकून खालची जमीन किती लांब आहे ते बघितलं, मग मोठ्या चाकांकडं बघितलं, आणि म्हणाली, "चढीव टेम्पोत."

महिनाभर ती पेठेत शिकली. दोनदा भाजीच्या पाट्या उलथल्या, एकदा याकूबभाईच्या पायावरून चाक गेलं. तो आठवडाभर लंगडला आणि कुणी विचारलं की अभिमानानं कारण सांगायचा. मोठा रस्ता ओलांडायला तौसीफनं खुर्चीच्या मागं उंच काठी लावून तिला लाल फडकं बांधलं. पहिले काही दिवस तो टेम्पो घेऊन लांबून मागं मागं राहायचा. तिला ते माहीत होतं. ती वळून बघायची नाही.

चुड्याच्या दिवशी मात्र तिनं बजावलं, "आज मागं दिसलास तर बघ."

ती एकटी गेली. मोठा रस्ता ओलांडला. उसाचा ट्रॅक्टर तिच्यासाठी थांबला आणि ड्रायव्हरनं गाणंही बंद केलं. मळ्याच्या मातीच्या वाटेवर खुर्ची डुलत होती, पण अडली नाही. द्राक्षाच्या मांडवाखालून येताना बागेतल्या बाया काम टाकून उभ्या राहिल्या. विजयमाला आक्कांच्या घराला एक पायरी होती. तिथं त्यांनी दोन फळ्या टाकून माती दाबून चढ करून ठेवला होता. महेजबीन त्या चढावरून थेट सोप्यात, घराच्या पुढच्या दालनात आली. कुणाचा हात लागला नाही. आक्कांनी तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि महेजबीनचे डोळे भरून आले. तिनं ते पदरानं पुसले. लपवले नाहीत.

सोप्यात गव्हाची रास पसरून वर पाट मांडला होता. पण राजनंदिनी हुशार पोरगी, पुण्याला नोकरीला. खुर्ची बघताच ती म्हणाली, "आजी, पाट राहू दे. मी पण खुर्ची घेऊन बसते. भाभींना बरं पडेल." लगेच प्लास्टिकची खुर्ची आली. सगळ्यांना पटलं. हल्ली सगळीकडं असंच चालतं, कुणी काही म्हणणार नव्हतं. सासूची ताकीदही पाळली जात होती. दोघी एका उंचीवर होत्या.

महेजबीननं पहिली बांगडी घेतली. पोरीचा हात टेकूवरून, दांड्याच्या कडेनं तिच्यापर्यंत ओढून आला होता. मनगट ताठलेलं. माप बरोबर होतं, महेजबीनचं माप चुकत नसे. पण बांगडी बोटांच्या मुळांशी अडली. दाबली तर पोरीनं ओठ चावला. आणखी दाबली असती तर काच पिचून बांगडी वाढली असती. चुड्याची पहिलीच बांगडी. सोप्यातल्या बाया माना वर करून बघायला लागल्या.

महेजबीननं बांगडी परत काढली. पेटीत ठेवली. बांगडी हातातून चढत नाही, मांडीतून चढते; हात मांडीत सैल पडल्याशिवाय काही खरं नाही. हे तिला मिरजेच्या दुकानात माहीत होतं आणि शिराळ्याच्या पडवीतही. तिनं फक्त पुढचा विचार केला नव्हता, किंवा केला असून टाळला होता.

मग ती म्हणाली, "राजू, ऊठ. पाटावर बस तू." आणि आक्कांकडं वळली. "आक्का, मला खाली घ्या. उचला."

कुणी हललं नाही. हिला उचलायचं नाही हे साऱ्या गावाला माहीत होतं. आक्काच म्हणाल्या, "भाभी, नगं. तुमी हितवर आलासा, लय झालं. चढतील त्या चढूद्या, उरलेल्या पोरगी घालंल."

"चुडा काय उरत असतुय? उचला म्हणते न्हवं."

पहिल्यांदा राजनंदिनीच पुढं आली. तिनं महेजबीनच्या काखेत हात घातले. आक्कांनी गुडघ्यांखाली घातले, एका सुनेनं पाय धरले, दुसरीनं पदर. महेजबीन सांगत होती, "पाय आदी. आता कंबर. व्हय, आता टेकवा." तिला भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसवलं. एकीनं तिची मांडी घालून दिली. राजनंदिनी समोर पाटावर बसली आणि तिचा हात महेजबीनच्या मांडीत आला. पुढच्या चुड्याला काही वेळ लागला नाही. दोन्ही हात भरले, वर महेजबीननं नवऱ्याच्या नावावरून पोरीला इतकं छळलं की ती लाजून पाटावरून उठायला बघायची. पोरगी पाया पडली. मग घरातल्या सगळ्या बायांच्या बांगड्या झाल्या.

तौसीफला राहवलं नव्हतं. ऊन कलायला लागल्यावर तो टेम्पो घेऊन मळ्यात आला, आणि सोप्याच्या दारात पाऊल टाकलं तेव्हा बाया महेजबीनला खालून उचलून खुर्चीत ठेवत होत्या. त्याचा चेहरा उतरला. तो पुढं झाला, आईच्या पायाशी वाकला आणि हळूच म्हणाला, "अम्मी, उचललं व्हय तुला? मला फोन का न्हाई केलास?"

महेजबीननं पदर सारखा केला, पेटी मांडीवर घेतली.

"मी सांगितलं तवा उचललं," ती म्हणाली. "सर बाजूला. मी येते माजी."